जुनी गाडी नव्यानं उभी केली, आता विकायची आहे: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अजून कितीतरी घरांच्या मागच्या शेडमध्ये एखादी फियाट, अँबेसेडर, विलीज जीप नाहीतर स्टँडर्ड हेराल्ड उभी असते. घरातलं कुणीतरी हौसेनं ती खोलतं, पत्रा बदलतं, इंजिन बांधून घेतं, आपल्या आवडीचे चार बदल करतं. मग कधी जागा नाही म्हणून, कधी मुलं पुण्या-बंगळूरला गेली म्हणून ती विकायची वेळ येते. उद्यमबागेच्या बाजूला आमचं काम अशाच गाड्या उभ्या करण्याचं. त्यामुळं विकणारे आणि घेणारे, दोघांचेही प्रश्न आमच्यापर्यंत येतात. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं दिली आहेत.

गाडीवर घातलेला सगळा पैसा परत मिळेल का?

बहुतेक वेळा नाही. हे आधीच मनाशी धरलं तर पुढची बोलणी सोपी जातात. घेणारा पैसे मोजतो ते न सडलेल्या सरळ पत्र्याला, नीट बांधलेल्या इंजिन-गिअरबॉक्सला आणि स्वच्छ कागदांना. म्युझिक सिस्टीम, रुंद टायर, लाल सीटा ही तुमची आवड झाली. त्याची आवड वेगळी असेल तर हे सगळं काढायला किती खर्च येईल, याचा हिशोब तो बोलता बोलता करत असतो.

सगळेच बदल तोट्याचे नसतात. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला नवी कोअर, सोबत इलेक्ट्रिक पंखा, हेडलाइटला रिले, पुढच्या सीटांना बेल्ट. हे बदल गाडी रोज चालवता यावी म्हणून केलेले असतात आणि चार बोल्ट काढले की गाडी पुन्हा पहिल्यासारखी होते. त्यांचं मोल मिळतं.

कापून केलेला बदल मात्र किंमत खातो. पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर खाली आणण्यासाठी फ्लोअर कापला, स्क्रीन बसवायला डॅशबोर्ड कापला, मोठी चाकं मावावीत म्हणून मडगार्डची कमान कापली, की जुन्या गाड्यांचा जाणकार तिथंच थांबतो. अशा गाडीलाही गिऱ्हाईक मिळतं, पण ते शोधायला वेळ लागतो आणि भाव तो सांगतो.

किंमत ठरवायची कशी? विम्याच्या कागदावरचा आकडा धरायचा का?

धरू नका. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की विम्यातली किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. बाजारभावाशी तिचा संबंध नसतो. जाहिरातींतले आकडेही मागितलेले असतात, मिळालेले नव्हे. अशीच गाडी खरोखर विकलेला माणूस शोधा आणि त्याला विचारा.

तुलना करताना मॉडेल तंतोतंत तेच धरा. अँबेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत होती, म्हणून 'अँबेसेडरचा भाव' असा काही नसतोच. मार्क वन, म्हणजे पहिलं मॉडेल, शोधणारा माणूस वेगळा आणि इसुझू इंजिनाची नव्वदच्या दशकातली गाडी घेणारा वेगळा. फियाटचंही तसंच. पन्नासच्या दशकातली गोलमटोल 'डुक्कर फियाट', मग ११०० डिलाइट, मग प्रीमियर पद्मिनी, या सगळ्यांना आपल्याकडं लोक नुसतं फियाट म्हणतात. जाहिरातीत मॉडेल आणि साल स्पष्ट लिहा.

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून पद्मिनीची चौकशी वाढली आहे. फोन येतात म्हणून किंमत लगेच चढवू नका. आणि तुमची गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हे आरसीवरून (गाडीच्या नोंदणी पुस्तकावरून) आधी तपासा. घेणारा ते शोधून काढणारच.

जाहिरातीत 'ओरिजिनल' लिहिलं तर चालेल का? थोडेच बदल आहेत.

नाही. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बदल केलेली गाडी विकणं यात कमीपणा काहीच नाही. बदल लपवून विकणं मात्र गाडीचं, तुमचं आणि आपल्या भागातल्या कामाचं नाव खराब करतं. कोल्हापूर-सांगलीकडचे गिऱ्हाईक 'बेळगावची गाडी' म्हणून विश्वासानं येतात. कारण उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंगची कामं चांगली होतात, इथल्या फाउंड्री आणि टर्नर लोकांचा हात चांगला आहे. एकानं फसवलं की पुढच्या दहा प्रामाणिक माणसांना त्याचा त्रास होतो.

म्हणून एक वही करा. गाडी आली तेव्हा काय अवस्था होती, कुठला पत्रा बदलला, कुठं फक्त पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, मारला, इंजिन कुठल्या साइजपर्यंत रिबोअर केलं, पिस्टन-रिंगा कुठल्या घातल्या, कुठला भाग मूळचा, कुठला दुसऱ्या गाडीचा, कुठला लेथवर नवा करून घेतला, ते सगळं तारखेनिशी लिहा. बिलं चिकटवा. काम चालू असतानाचे फोटो लावा, खास करून रंगाआधीचे, उघड्या पत्र्याचे. आमच्या मते कुठल्याही चकचकीत फोटोपेक्षा उघड्या पत्र्याचा एक फोटो जास्त गिऱ्हाईक आणतो. ते फोटो नसतील तर निदान गाडी रॅम्पवर चढवून खालचे फोटो काढा.

त्या वहीची शेवटची पानं उणिवांची. दुसऱ्या गिअरला आवाज येतो, डाव्या दाराच्या काचेचा हँडल सैल आहे, पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवतो. लिहिलेल्या उणिवेवर घासाघीस थोडी होते. घेणाऱ्यानं स्वतः शोधलेल्या उणिवेवर सौदाच मोडतो, कारण त्याला वाटतं अजून काय काय लपवलं असेल.

रंगाखालचा गंज घेणाऱ्याला कळतो का?

कळतो. जाणता माणूस खिशात फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक घेऊन येतो आणि दाराच्या खालच्या कडा, बोनेटचे कोपरे, डिकीचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी यांवरून फिरवतो. पुट्टीचा जाड थर असला की चुंबक धरत नाही.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या गाड्यांना याची जास्त काळजी घ्यावी लागते. तिकडचा पाऊस आणि महिनोन् महिने टिकणारी ओल पत्रा आतून खाते. कार्पेट वर कोरडं दिसतं, पण त्याखालचं फेल्ट पाणी धरून बसतं. विकण्याआधी कार्पेट उचला, फ्लोअर बघा, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते पाहा. गंज सापडला तर कापून नवा पत्रा जोडून घ्या, नाहीतर तसा सांगून विका. वरून अंडरकोटिंगचा काळा थर मारून झाकणं हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण त्याखाली गंज आणखी जोरात पसरतो.

इंजिन बदललंय, पण आरसीवर जुनाच नंबर आहे. विकता येईल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिन, फियाटमध्ये दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं इंजिन, जीपमध्ये मिळेल ते, अशा गाड्या आपल्याकडं भरपूर आहेत. पूर्वी कुणी फारसं विचारत नसे. आता विचारतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकानं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठामपणे सांगितली. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन बदललं असेल तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

याचा व्यवहारातला अर्थ असा. त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन घातलं असेल, ते कुठून घेतलं याचं बिल असेल आणि ज्या गाडीचं होतं तिचे कागद असतील, तर उशीर झाला असला तरी आधी आरटीओत जाऊन नोंदीचं विचारा. सौदा त्यानंतर. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन असेल तर गोष्ट अवघड आहे. तपासणीत ती गाडी अडकते, मग ती बेळगावच्या आरटीओत असो नाहीतर कोल्हापूरच्या. मूळ इंजिन शेडमध्ये पडून असेल तर आमचा सल्ला एकच, ते बांधून परत बसवा. खर्च होतो, पण गाडी कागदावर आणि रस्त्यावर एकच होते.

इंजिनाचा किंवा चॅसिसचा नंबर घासून नवा ठोकायचा विचार मनातही आणू नका. गंजानं चॅसिस नंबर वाचता येत नसेल तर आरटीओकडं अर्ज करून, त्यांच्या परवानगीनंच तो पुन्हा पंच करून घेता येतो. रंगाऱ्यालाही आधीच बजावून ठेवा, की नंबराच्या जागेवर पुट्टी नको आणि ग्राइंडर तर अजिबात नको.

रंग बदललाय, त्याचं काय?

आरसीवर रंगाची नोंद असते. नवा रंग आरटीओत कळवून नोंदवून घ्या, फार कठीण काम नाही.

जीपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बेळगाव कॅम्पाजवळ वाढलेल्या माणसाला लष्करी ऑलिव्ह ग्रीनची ओढ असतेच, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानं तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. खाजगी जीपला तो मारला असेल तर विकण्याआधी बदला.

गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत. थेट गिऱ्हाइकाच्या नावावर करता येईल का?

आधी वारसाच्या नावावर, मग गिऱ्हाइकाच्या. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं दाखवणारा कागद, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. आपल्याकडं नाडकचेरीतून (महसूल कार्यालयातून) वंशवृक्ष काढायला वेळ जातो, म्हणून गाडीचं काम चालू असतानाच हे सुरू करा.

वारसांत लग्न होऊन कोल्हापूर, सांगली, पुण्याला गेलेल्या आत्या आणि बहिणी असतात. त्यांच्या सह्या शेवटी घेऊ म्हणून सोडू नका. गाडीची किंमत ठरल्यावर सही मागायला गेलं की घरात नको ते बोलणं होतं. किंमत ठरायच्या आधी त्यांना गाडी दाखवा, विचारा, त्यांचा वाटा बोलून घ्या. त्याच गाडीतून त्यांची वरात गेलेली असू शकते. मान त्यांचाही आहे.

आरसी बुकावर 'बॉम्बे स्टेट' किंवा 'म्हैसूर राज्य' लिहिलंय आणि ऑनलाइन गाडी दिसतच नाही. कागद खोटे आहेत का?

तेवढ्यावरून खोटे ठरत नाहीत. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, ती तारीख इथं कुणाला सांगावी लागत नाही. म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. त्यामुळं त्या आधीच्या गाड्यांच्या पुस्तकांवर जुन्या राज्याचं नाव असणं बरोबरच आहे. 'बेळगाव' आणि 'बेळगावी' या फरकानंही घाबरू नका, तो बदल २०१४ चा.

खरी अडचण संगणकातल्या नोंदीची असते. जुनी पुस्तकं आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढवलेलीच नसतात. मूळ आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या आणि गाडी घेऊन आरटीओत जा आणि बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या पुस्तकाची संगणकात नोंद, करून मागा. ती झाल्याशिवाय ना नाव बदलतं, ना एनओसी (दुसऱ्या राज्यात नेण्यासाठीचा ना-हरकत दाखला) मिळते. जीर्ण झालेल्या पुस्तकाची पानं चिकटपट्टीनं जोडू नका. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि रंगीत स्कॅन करून ठेवा.

रजिस्ट्रेशनची मुदत संपली आहे. तशीच विकू का?

विकता येते, पण भाव पडतो आणि ज्याला खरंच चालवायची आहे तो माणूस येत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क ५,००० रुपये झालं आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० वर गेलं. उशिराचा दंड वेगळा. पर्यावरण कराची बाकीही त्याच वेळी भरून टाका.

गाडी तपासणीला न्यावी लागते. ब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर आधी पाहून घ्या. पीयूसीसाठी (प्रदूषण तपासणीच्या दाखल्यासाठी) जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम ही मर्यादा आहे. नीट ट्यून केलेला कार्ब्युरेटर आणि बरोबर टायमिंग असेल तर चांगलं बांधलेलं जुनं इंजिन त्यात बसतं. नापास झाली तर आधी एअर फिल्टर आणि चोक बघा.

पंधरा वर्षं झालेली गाडी भंगारात द्यावी लागते असं ऐकलं.

खाजगी गाडीला, तपासणीत पास होऊन नूतनीकरण झालं असेल तर, कर्नाटक-महाराष्ट्रात अशी वयाची सक्ती नाही. तुम्ही ऐकलं ते दिल्ली परिसराचं आणि सरकारी गाड्यांचं असावं. दिल्लीकडचा गिऱ्हाईक आला तर मात्र त्याला तिथले नियम पाहून यायला सांगा.

गिऱ्हाईक कोल्हापूर, चंदगड किंवा सावंतवाडीचं आहे. पलीकडं गाडी देताना काय करायचं?

आपल्याला चंदगड म्हणजे शेजारचं गाव. तिकडची माणसं बाजाराला बेळगावलाच येतात. आरटीओच्या दृष्टीनं मात्र ते दुसरं राज्य आहे.

केए-२२ (बेळगाव), केए-२३ (चिकोडी) किंवा केए-४९ (गोकाक) ची गाडी महाराष्ट्रात नोंदवायची तर इथल्या आरटीओतून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यावी लागते. चॅसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलनं घासलेला ठसा, कर भरल्याच्या पावत्या, चालू विमा, पीयूसी लागतं. दंडाच्या पावत्या बाकी नकोत. कधीकाळी कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. तीस वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाची नोंद आरसीवर तशीच राहिलेली आम्ही बघितली आहे. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि तो कागद मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. आरसीचं पान आजच उघडून बघा.

एनओसी एका ठरावीक आरटीओच्या नावानं निघते. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याचा माणूस असेल तर कोल्हापूर, म्हणजे एमएच-०९. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याचा असेल तर सिंधुदुर्ग, एमएच-०७. मिरज, जतचा असेल तर सांगली, एमएच-१०. म्हणून गिऱ्हाईक पक्कं व्हायच्या आधी एनओसी काढून ठेवू नका. कोल्हापूरच्या नावानं काढली आणि गाडी गोव्याला गेली तर ती रद्द करून पुन्हा पहिल्यापासून.

तिकडं गेल्यावर नव्या नंबरासाठी फॉर्म २७, नाव बदलायला २९ आणि ३०, आणि तिथला रोड टॅक्स हे घेणाऱ्याचं काम आणि घेणाऱ्याचा खर्च. किंमत ठरवतानाच हे बोलून घ्या. आपल्याकडचे काही कागद कन्नडमध्ये असतात, त्यांचा मराठी किंवा इंग्रजी अनुवाद नोटरी करून सोबत दिला तर कोल्हापुरात त्याचा हेलपाटा वाचतो. दोन्ही राज्यांत १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे, आणि ती नसेल तर आरटीओची कामं अडतात, हेही सांगा.

माझी गाडी एमएच-०९ ची आहे, पण कित्येक वर्षं बेळगावातच आहे.

बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेली गाडी तिथं नोंदवावी लागते. सीमेच्या दोन्ही बाजूंना घर असलेल्या कुटुंबांत हे राहून जातं. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलंच असेल तर तुमचं काम उलट सोपं आहे, दुसऱ्या राज्यासाठीच्या एनओसीचा प्रश्नच येत नाही. बेळगावातलं असेल तर कोल्हापूरहून एनओसी आणा.

पन्नास वर्षांची गाडी आहे. 'व्हिंटेज' नोंदणी करून विकली तर जास्त भाव येईल का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी त्यात बसतात. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नव्यानं नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते.

पण दोन अटी नीट वाचा. एक, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे बदल केलेल्या बऱ्याच गाड्या इथंच बाहेर पडतात. दुसरी, अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. रविवारी कुटुंबाला घेऊन आंबोलीला जायचं स्वप्न बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ही नोंदणी नको असते. गाडी अगदी मूळ अवस्थेत असेल आणि घेणारा संग्राहक असेल तरच याच्या मागं लागा, आणि तेही त्याच्याशी बोलून.

फॉर्म २९-३० वर सह्या करून गाडी देऊन टाकली तर चालतं ना? सगळे तसंच करतात.

करतात, आणि नंतर त्रासात पडतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची. त्या खटल्यात गाडी एकामागून एक हातांतून गेली होती, तरी जबाबदारी पहिल्या नोंदणीकृत मालकावरच राहिली. तुमची पद्मिनी चोर्ला घाटात कुणाला धडकली तर समन्स तुमच्या दारात येईल.

तुम्हीही विक्री कळवायची असते, राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत, बाहेर दिली तर पंचेचाळीस दिवसांत. त्याची पोच जपून ठेवा.

पैसे रोख घेतले तर?

एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं मना आहे आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला बसतो. बँकेतून घ्या. स्वतःच्या वापरातली मोटार विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, त्यामुळं लपवण्यासारखं काही नसतंच. गाड्यांचा धंदा करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

फोनवरचा माणूस सैन्यात आहे म्हणतो, गाडी न बघता पैसे पाठवतो म्हणतो.

थांबा. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, घराघरांत कुणीतरी फौजेत आहे. म्हणूनच हे सोंग इथं खपतं. ओळखपत्राचा फोटो येतो, गणवेशातला फोटो येतो आणि मग 'पैसे मिळण्यासाठी' एक क्यूआर कोड येतो. पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. खरा फौजी समोर येतो, बोनेट उघडायला लावतो आणि चॅसिसखाली वाकून बघतो.

गाडी चालवून दाखवताना काय काळजी घ्यावी? कुठला महिना बरा?

त्याचं लायसन्स बघा, फोटो घेऊन ठेवा आणि शेजारी तुम्हीच बसा. स्टिअरिंगवरच्या गिअरची सवय नसलेला माणूस पहिला गिअर शोधताना कर्कश आवाज करतो. आधी स्वतः चालवून दाखवा. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन जाणत्याला संशय आणतं. चढावर गरम होत नाही हे दाखवायचं असेल तर येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता चांगला.

दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ बरा. जुलै-ऑगस्टमध्ये घेणारा गाडी खालून बघू शकत नाही आणि तुम्हाला ती चिखलात काढावी लागते.

विकेपर्यंत वरातीला भाड्यानं दिली तर?

पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं देणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मित्राच्या लग्नाला प्रेमानं न्या.

दलालाकडं द्यावी का?

नवीन गाडीच्या दलालाला जुन्या गाडीतलं कळत नाही. तो 'फुल्ल ओरिजिनल' म्हणून मोकळा होतो आणि तुमची वही कपाटातच राहते. वेळ नसेल तर जुन्या गाड्यांच्या मेकॅनिककडं द्या, टक्केवारी आधी लिहून घ्या, आणि गाडीबद्दल काय सांगायचं तेही.

काढून ठेवलेले जुने पार्ट वेगळे विकू का?

नका. मूळ कार्ब्युरेटर, डायनामो, चाकांच्या क्रोम टोप्या, मागचे दिवे, काच उतरवायची हँडलं, जुना रेडिओ, सगळं पेटीत घालून गाडीबरोबर द्या. सुटे विकले तर थोडे पैसे येतील, पण ती पेटी असली की घेणारा पाहिजे तेव्हा गाडी मूळ रूपात नेऊ शकतो, आणि तुमच्या बदलांवरची त्याची हरकत निम्मी कमी होते. काही पार्ट तर आता कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नमुना देऊनच करून घ्यावे लागतात, आणि नमुना म्हणून तरी जुना तुकडा हवाच.

ताबा देण्याच्या दिवशी काय काय करायचं?

ताबा दिल्याची तारीख आणि वेळ घालून पावती करा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, किलोमीटरचा आकडा. दोघांनाही वाचता येईल अशा भाषेत लिहा. बदलांची आणि उणिवांची यादी तिला जोडा आणि तिच्या प्रत्येक पानावर घेणाऱ्याची सही घ्या. फास्टॅग काढून बंद करा, नाहीतर कोगनोळीच्या टोलवर त्याचे पैसे तुमच्या खात्यातून जातील. विम्याच्या कंपनीला कळवा. घेणाऱ्यानंही चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा, हे त्याला सांगा.

लांब जाणार असेल तर गाडी चालवत नेण्यापेक्षा ट्रकवर चढवून पाठवायला सांगा. तरी चालवतच न्यायची म्हणाला तर पंख्याचा पट्टा, एक पाण्याचा कॅन, फ्यूज आणि तुमचा फोन नंबर त्याच्या हातात द्या, आणि तो पोचेपर्यंत फोन चालू ठेवा.